पेट्रोलचा वास आणि दोन रबरी कड्या

सकाळी गाडी सुरू केली की बोनेटच्या बाजूने पेट्रोलचा वास येतो, दहा मिनिटे गाडी चालली की तो नाहीसा होतो आणि संध्याकाळपर्यंत मालकाला त्याचा विसर पडतो. हा अनुभव इतका सर्रास आहे की ‘जुनी गाडी म्हटल्यावर थोडा वास यायचाच’ असे म्हणून त्याकडे काणाडोळा केला जातो. पाठीवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरे मिरविणाऱ्या पिढीतील गाड्यांमध्ये मात्र या वासाचे एक नेहमीचे कारण असते. ते म्हणजे इंजेक्टरच्या डोक्यावर बसविलेली, करंगळीच्या नखाएवढी रबरी कडी. किमतीने ती क्षुल्लक असते. पण ती निकामी झाली की दाबाखालचे पेट्रोल तापलेल्या इंजिनावर येते. इंजिन तापल्यावर वास जातो याचा अर्थ दोष दूर झाला असा नसून, रबर तात्पुरते मऊ झाले एवढाच असतो.

कार्ब्युरेटर गेला, दाब वाढला

फियाट आणि अ‍ॅम्बेसेडरच्या काळात पेट्रोलची गळती ही चालकाच्या नित्य परिचयाची गोष्ट होती. कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचविणाऱ्या यांत्रिक पंपाचा दाब पाव बारच्या आसपास असे. त्यामुळे गळती झालीच तर ती थेंब-थेंब होई. जेट फुंकून, पॅकिंग बदलून गाडी पुढे निघे. त्या काळात अंगवळणी पडलेली बेफिकिरी पुढच्या पिढीच्या गाड्यांनाही लावली गेली आणि तिथेच घोटाळा झाला.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९९ मध्ये राजधानी परिसरातील खासगी गाड्यांना आधी युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ हे प्रदूषण निकष बंधनकारक केले. २००१ मध्ये मुंबईतही युरो-२ पातळीचे निकष आले. या निकषांपुढे कार्ब्युरेटरचा निभाव लागणे अवघड होते. सॅन्ट्रो आणि मॅटिझ या गाड्या १९९८ मध्ये बाजारात आल्या त्या इंजेक्शन घेऊनच. पाठोपाठ झेन, एस्टीम आणि २००० मध्ये मारुती ८०० या गाड्यांनीही ती वाट धरली. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणी करून आजही रस्त्यावर असलेल्या या पिढीतील गाड्यांचे रबर आता वीस-पंचवीस वर्षांचे झाले आहे.

या गाड्यांत टाकीतील विजेचा पंप साधारण अडीच ते साडेतीन बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन बारच्या आसपास हवा असते, हे लक्षात घेतले म्हणजे या दाबाची कल्पना येते. म्हणूनच येथील गळती नेहमी थेंबाच्या रूपात दिसेलच असे नाही. बारीक फटीतून ती तुषारांसारखी उडते, तापलेल्या धातूवर क्षणात सुकते आणि मागे फक्त वास ठेवते.

एका इंजेक्टरला दोन सील

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारी एक नाजूक झडप. गॅरेजमध्ये तिला अनेकदा ‘नोझल’ही म्हणतात. इंजिनाच्या माथ्याजवळ धातूची किंवा प्लास्टिकची एक आडवी नळी असते, तिला फ्युएल रेल म्हणतात. सुझुकीच्या पुस्तिकांत तिचेच नाव डिलिव्हरी पाइप असे आहे. इंजेक्टरचे वरचे टोक या रेलमध्ये, तर खालचे टोक इनटेक मॅनिफोल्डमध्ये किंवा सिलिंडर हेडच्या तोंडाशी बसलेले असते. मारुती ८०० ला तीन सिलिंडर, म्हणून तीन इंजेक्टर, सॅन्ट्रोला चार. प्रत्येकाला वर एक आणि खाली एक असे दोन सील असतात. काही इंजिनांत खालच्या बाजूला ओ-रिंगऐवजी जाड रबरी गादी असते.

दिसायला ही भावंडे असली, तरी दोघांचे काम परस्परविरुद्ध आहे. वरची कडी दाबाखालचे पेट्रोल आत कोंडून ठेवते. ती गेली की पेट्रोल बाहेर येते. खालच्या सीलपाशी पेट्रोलचा दाब नसतो. तेथे इंजिनाची हवा ओढण्याची क्रिया चालू असते. ते सील गेले की बाहेरची हवा आत शिरते. संगणकाने न मोजलेली ही हवा पेट्रोलचे प्रमाण बिघडविते, आयडलवर इंजिन थरथरते, एखादा सिलिंडर मिसिंग करतो, सिग्नलवर गाडी बंद पडते. यात वास नसतो आणि आगीची भीतीही फारशी नसते. पण मालक प्लग बदलतो, कॉइल बदलतो, पेट्रोलपंप बदलून पाहतो आणि दुखणे आहे तिथेच राहते. वर वास आणि खाली थरथर, हा ठोकताळा ध्यानात ठेवला तर अर्धे निदान घरीच होते.

गळतीचा आणखी एक प्रकार आहे, तो येथे वेगळा काढायला हवा. इंजेक्टरच्या आतली सुई नीट बसत नसेल तर बंद गाडीतही त्याच्या टोकातून पेट्रोल सिलिंडरच्या वाटेवर झिरपते. मग गरम गाडी पुन्हा सुरू व्हायला त्रास देते, सुरू होताना काळा धूर सोडते आणि इंजिन ऑईलला पेट्रोलचा वास येऊ लागतो. या दोषावर कड्या बदलून काहीही उपयोग नाही. इंजेक्टर काढून त्याची सफाई व चाचणी करणे, नाहीतर तो बदलणे, हाच त्यावर मार्ग.

वास तिथूनच येतो कशावरून?

पाने हाती घेण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. शहरांत पार्किंगमधील उंदीर पेट्रोलच्या रबरी नळ्या कुरतडतात, हे कारण इंजेक्टरइतकेच वारंवार आढळते. फिल्टरच्या जोडांपाशी नळीला तडे गेलेले असू शकतात. मागच्या सीटखाली, टाकीवरच्या पंपाच्या झाकणाचे पॅकिंग गेले असेल तर वास गाडीच्या आत येतो, आणि टाकी काठोकाठ भरल्यावर तो वाढतो. पुढच्या बाजूचा वास, तोही मुख्यतः थंड इंजिनावर येणारा, हे मात्र वरच्या कडीचे लक्षण.

पाहणीची साधी रीत अशी. गाडी रात्रभर उभी राहू द्यावी. सकाळी बोनेट उघडून, इंजिन सुरू न करता, दुसऱ्या व्यक्तीकडून चावी ‘ऑन’ स्थितीत फिरवून घ्यावी. पंप दोन-तीन सेकंद चालून थांबतो आणि रेलमध्ये दाब तयार होतो. चावी अशी तीन-चार वेळा फिरवावी. त्या वेळी एलईडी टॉर्चच्या उजेडात प्रत्येक इंजेक्टरच्या मानेपाशी पाहावे. ओलसर चकाकी, धुऊन निघाल्यासारखा स्वच्छ पट्टा किंवा त्याउलट पेट्रोल सुकून उरलेला तपकिरी डाग दिसला तर गुन्हेगार सापडला. टिश्यू पेपरची घडी मानेभोवती टेकवून तिचा वास घेणे ही त्याहून खात्रीची परीक्षा. पेट्रोल दिसले तर पुढे इंजिन सुरू करू नये. गाडी तिथेच ठेवून दुरुस्ती करावी किंवा ती ओढून न्यावी.

खालच्या सीलसाठी जुने मिस्त्री आयडलवर चालणाऱ्या इंजिनावर कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारून पाहत. रेस बदलली की हवा तिथून शिरते, असा निष्कर्ष ते काढत. निष्कर्ष बरोबर असला तरी रीत आगीला आमंत्रण देणारी आहे. तेच काम साबणाच्या पाण्याने होते. चांगल्या गॅरेजमध्ये त्यासाठी धुराचे यंत्र असते.

रबर का थकते?

ओ-रिंग ही कल्पना म्हटली तर अगदी साधी. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या नील्स ख्रिस्टेन्सन यांनी १९३७ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३९ मध्ये ते मिळाले. खाचेत बसविलेली गोल छेदाची कडी किंचित दाबली जाते आणि पूर्ववत होण्याच्या धडपडीत दोन्ही भिंतींना घट्ट चिकटून राहते. ही धडपड म्हणजेच तिचे काम. वर्षानुवर्षे दाबलेल्या अवस्थेत तापत राहिल्यावर रबर ती धडपड सोडून देते. बाहेर काढलेली जुनी कडी पाहिली की हे लगेच ध्यानात येते: तिचा छेद गोल राहिलेला नसतो, चपटा झालेला असतो, नखाने दाबली तर ती प्लास्टिकसारखी टणक लागते.

थंडीत हा दोष उघडा पडतो. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ अंतराळयानाचा झालेला नाश हे त्याचे सर्वांत दुःखद उदाहरण. त्या यानाच्या बूस्टर रॉकेटच्या जोडातील ओ-रिंग गोठविणाऱ्या थंडीत लवचिकता गमावून बसल्या होत्या. पुढच्याच महिन्यात, चौकशी आयोगाच्या सुनावणीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवून तो दाब काढल्यावरही पूर्ववत होत नाही हे दाखवून दिले होते. नाशिक-पुण्याची डिसेंबरमधील पहाट फ्लोरिडातील त्या सकाळीइतकी गार नसते, पण वीस वर्षे तापून कडक झालेल्या कडीला तेवढा गारवाही पुरतो. म्हणून वास सकाळीच येतो.

इंजिन चालू असताना आतून वाहणारे पेट्रोल इंजेक्टरला थंड ठेवते. गाडी बंद केली की पाणी फिरणे थांबते, पंखा थांबतो आणि इंजिनातली सारी उष्णता वर चढते. बोनेटखालचे तापमान बंद केल्यानंतरची काही मिनिटे उलट वाढते. शहरात दिवसभरात दहा ठिकाणी थांबणाऱ्या गाडीच्या कड्या हा चटका दहा वेळा सोसतात. त्यामुळे कमी धावलेल्या गाडीचे रबर चांगलेच असेल, असे समजू नये.

त्यात इथेनॉलची भर पडली. देशात पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला. जून २०२२ मध्ये मिश्रणाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांवर पोहोचले. जुन्या घडणीतील काही रबरे इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये फुगतात आणि सुकल्यावर आक्रसतात. काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलणे योग्य ठरू शकते आणि हे काम नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये कमी खर्चात होते, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले होते. गाडीमालकाच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ एवढाच, की कड्या बदलताना जुन्या मापाबरोबर जुने रबर घेऊ नये.

कडी विकत घेताना

बहुतेक फसगत येथे होते. मुंबईत ऑपेरा हाउस, पुण्यात नाना पेठ किंवा कोणत्याही गावातील स्पेअर पार्टच्या दुकानात नमुना दाखवून ‘अशीच द्या’ म्हटले की मापाची कडी मिळते. पण माप जुळणे पुरेसे नाही. चपटी झालेली जुनी कडी हे मापाचे माप मुळीच नव्हे. तिच्यावरून घेतलेली नवी कडी बारीक निघते. त्यापेक्षा गाडीचे मॉडेल, वर्ष आणि शक्य तर इंजेक्टरवरचा क्रमांक सांगून कंपनीचा संच मागावा.

पदार्थाचे महत्त्व मापाहून जास्त. नायट्राइल रबर स्वस्त असते आणि साध्या पेट्रोलला ते चांगले टिकते. मात्र त्याची उष्णता सोसण्याची मर्यादा शंभर-सव्वाशे अंशांच्या घरात आहे आणि इथेनॉलपुढे ते तितकेसे खात्रीचे नाही. फ्लुओरोकार्बन रबर, ज्याला बाजारात ‘व्हायटन’ या व्यापारी नावाने ओळखतात, दोनशे अंशांपर्यंत तग धरते आणि मिश्रित इंधनालाही पुरून उरते. जुन्या गाडीत तेच घालावे. नळाच्या किंवा प्रेशर पंपाच्या दुकानातील कडी चुकूनही वापरू नये. त्यात वापरले जाणारे ईपीडीएम रबर पाण्याला उत्तम असले तरी पेट्रोलमध्ये भसाभस फुगते. रंगावरून पारख करण्याची सवयही धोक्याची आहे. व्हायटन तपकिरी, हिरवे आणि काळेही असते. आणि वातानुकूलन यंत्रणेच्या हिरव्या कड्या वेगळ्याच रबराच्या असतात. त्या दिसायला जुळल्या म्हणून इंधनाच्या वाटेवर बसवू नयेत.

एक कडी गळू लागली असेल तरी सर्व इंजेक्टरच्या वरच्या-खालच्या सगळ्या कड्या एकदमच बदलाव्यात. त्या एकाच दिवशी बसल्या आणि एकाच चटक्यात जुन्या झाल्या. एकीसाठी रेल काढायची आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या, ही काटकसर चार महिन्यांत तेच काम पुन्हा करायला लावते. प्रेशर रेग्युलेटर रेलवरच असेल तर त्याचीही स्वतंत्र ओ-रिंग असते. ती त्याच वेळी घ्यावी.

काम सुरू करण्यापूर्वी

पेट्रोलची वाफ हवेहून तीन ते चार पट जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागी साचून राहते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोहोचले तरी ठिणगीने ती पेट घेते. आणि अशी वाफ उणे चाळीस अंश सेल्सिअसच्या सुमारासही तयार होत असते. सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये हे काम करणे म्हणूनच पूर्णपणे वर्ज्य. मोकळ्या जागेत, पूर्ण थंड इंजिनावर, दिवसाउजेडी ते करावे. हाताशी कोरड्या पावडरचे अग्निशामक असावे. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतल्यास आग पसरते. उजेडासाठी साधा बल्ब लोंबकळवू नये. तो हातातून सुटून फुटला तर तीच ठिणगी ठरते.

मग रेलमधला दाब उतरवावा. फ्यूजच्या डबीतून पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढावा, इंजिन सुरू करावे आणि ते उरलेले पेट्रोल पिऊन आपोआप बंद पडू द्यावे. त्यानंतर दोन-तीन सेकंद स्टार्टर मारावा. सील उघड उघड गळत असेल तर इंजिन सुरू करण्याचा हा मार्ग घेऊ नये; त्याऐवजी फ्यूज काढून गाडी बराच वेळ उभी ठेवावी आणि जोड सैल करताना त्याभोवती जाड फडके गुंडाळून निघणारे पेट्रोल टिपून घ्यावे. टाकीचे झाकण एकदा उघडून आतला दाबही सोडावा. सर्वांत शेवटी बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल काढावा. अनेकजण हा क्रम उलटा करतात आणि मग दाब उतरविण्याचे राहून जाते.

रेल काढताना

इंजेक्टरभोवती वर्षानुवर्षांची धूळ, वाळू आणि तेलाचा थर साचलेला असतो. इंजेक्टर वर ओढताच तो थेट सिलिंडरच्या वाटेत पडतो. म्हणून सर्व काही जागेवर असतानाच ब्रशने व हवेच्या झोताने ती जागा स्वच्छ करावी. दुरुस्तीच्या घाईत सर्वाधिक वगळली जाणारी पायरी हीच.

हवेचा पाइप बाजूला केल्यावर इंजेक्टरचे विजेचे कनेक्टर दिसतात. त्यांचे प्लास्टिक या वयात ठिसूळ झालेले असते. तारेची क्लिप दाबून ते सरळ ओढावे. वायर धरून ओढू नये. कोणता कनेक्टर कोणत्या सिलिंडरचा हे कागदी चिकटपट्टीवर लिहून ठेवावे. पेट्रोलची नळी आणि रेग्युलेटर असल्यास त्याची बारीक व्हॅक्यूम नळी सोडवावी. रेलचे दोन किंवा तीन बोल्ट गोटी पान्याने काढावेत. बोल्टखाली किंवा रेलच्या पायाशी प्लास्टिकचे टेकू असतात. ते निसटून खाली पडतात आणि जोडणीच्या वेळी आठवत नाहीत. तसे झाले तर रेल तिरकी बसते आणि नव्या कड्याही गळू लागतात.

रेल दोन्ही टोकांना धरून, हलकेच मागेपुढे हलवीत, सारखी वर उचलावी. एका बाजूने पेचकस घालून उचकटल्यास प्लास्टिकची रेल तडकते. इंजेक्टर बहुधा रेलबरोबरच वर येतात. येथे थांबून खालचे सील मोजावेत. तीन इंजेक्टर असतील तर तीन सील हाती यायलाच हवेत. एखादे जुने सील भोकातच चिकटून राहिले आणि त्यावर नवे बसविले, की इंजेक्टर पूर्ण खोलीला जात नाही आणि गळती पूर्वीपेक्षा वाढते. मोजणी झाली की उघडी भोके स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने बंद करावीत.

क्लिप काढून, किंचित पिळत इंजेक्टर रेलमधून सोडवावा. जुनी कडी काढण्यासाठी लाकडी दातकोरणे किंवा प्लास्टिकची बारीक सळई वापरावी. पेचकसाच्या टोकाने खाचेवर केसाएवढा ओरखडा उठला तरी पेट्रोल त्यातून वाट काढते. इंजेक्टरच्या खालच्या टोकावर काही प्रकारांत प्लास्टिकची नाजूक टोपी असते. सील काढताना तिला धक्का लागू देऊ नये. रेलचा प्याला, म्हणजे वरची कडी जिथे घासते ती जागा, टॉर्चने नीट पाहावी. तेथे गंजाचे खड्डे किंवा ओरखडे असतील तर नवी कडीही फार काळ टिकणार नाही आणि रेलच बदलावी लागेल. पॉलिश पेपरने घासून ती गुळगुळीत करण्याचा मोह टाळलेला बरा. प्याला त्याने मोठा होतो.

इंजेक्टर बाहेर आहेतच, तर ते अल्ट्रासॉनिक सफाईसाठी आणि फवारा तपासण्यासाठी देण्याची ही योग्य वेळ. मात्र सफाईवाल्याने जुन्याच कड्या परत लावून दिल्या तर त्या काढून टाकाव्यात.

बसविताना तेलाचे बोट

कोरडी कडी प्याल्यात ढकलली तर ती पीळ घेते, दुमडते किंवा तिची धार कापली जाते. तिला पातळ ओलावा हवा. सुझुकीसारख्या काही कंपन्यांच्या पुस्तिका पेट्रोलचाच हलका थर द्यायला सांगतात, काही स्वच्छ इंजिन ऑईलचा, दोन्ही चालते. सिलिकॉन ग्रीस मात्र लावू नये. त्याचा अंश जळून ऑक्सिजन सेन्सरवर बसतो आणि तो निकामी होतो. टेफ्लॉन टेप, सीलंट, एम-सील यांपैकी कशालाही येथे स्थान नाही. कडीभोवती असे काही आढळले तर आधीच्या कारागिराने दोष झाकला होता, असे खुशाल समजावे.

इंजेक्टर अंगठ्याच्या दाबाने, अलगद फिरवीत आत बसवावा. हातोडीने ठोकण्याचा प्रश्नच येत नाही. सर्व इंजेक्टर रेलमध्ये बसल्यावर रेल जागेवर ठेवावी, टेकू परत घालावेत आणि बोल्ट हातानेच लावावेत. पूर्ण आवळण्यापूर्वी प्रत्येक इंजेक्टर बोटांनी फिरवून पाहावा. तो सहज फिरला पाहिजे. अडकत असेल तर कडी वाकडी बसली आहे, असे जपानी कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तिका सांगतात. ही खूण इतकी सोपी आणि नेमकी आहे की तिच्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. तरीही गॅरेजच्या धावपळीत ती क्वचितच पाहिली जाते. बोल्ट आलटून-पालटून, पुस्तिकेतील टॉर्कनेच आवळावेत. अ‍ॅल्युमिनियमचे आटे जोर सहन करीत नाहीत.

चाचणीची घाई नको

सांडलेले पेट्रोल पुसून, फडकी दूर नेऊन, वाफ उडून जायला वेळ द्यावा. फ्यूज व बॅटरी जोडून आधी केली तशीच चावीची परीक्षा करावी: तीन-चार वेळा ‘ऑन’, आणि दर वेळी प्रत्येक इंजेक्टरच्या मानेला कोरडा टिश्यू. चारही बाजूंनी कोरडे आढळल्यानंतरच इंजिन सुरू करावे. रेलमध्ये हवा असल्याने पहिल्यांदा स्टार्टर थोडा जास्त मारावा लागतो. फ्यूज काढून इंजिन बंद पाडले असल्याने डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा काही काळ लागू शकतो. इंजिन चालू असताना, तापल्यावर आणि बंद करून अर्ध्या तासाने अशी तीनदा पाहणी करावी.

घरी करण्याचे काम ते हेच. पण प्रत्येक गाडीत नव्हे. थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणारी इंजिने, उदाहरणार्थ फोक्सवॅगनची टीएसआय, वेगळ्या जातीची आहेत. त्यांच्या रेलमध्ये पन्नास ते दोनशे बारपर्यंत दाब असतो, त्वचेत घुसेल इतक्या जोराने पेट्रोल बाहेर येऊ शकते आणि खालची टेफ्लॉनची कडी बसविण्यासाठी खास हत्यार लागते. त्यांना घरी हात लावू नये. गॅसचे किट बसविलेल्या जुन्या गाड्यांतही गॅसच्या नळ्या याच रेलभोवती गुंफलेल्या असतात. तेथे आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून काम अधिकृत कारागिराकडेच द्यावे. अशा गाड्यांत महिनोन् महिने पेट्रोलवर इंजिन चालवले जात नाही आणि इंजेक्टरच्या जागची गळती मालकाच्या लक्षातच येत नाही. पावसाळ्यात किंवा पंपावरच्या रांगेत गॅस संपून गाडी पेट्रोलवर घेतली जाते तेव्हा ती प्रथम दिसते.

काम गॅरेजमध्ये करून घेतले तर काढलेल्या जुन्या कड्या मागून घ्याव्यात. तीन इंजेक्टरच्या गाडीतून सहा रबरी तुकडे हाती आले पाहिजेत. आणि शेवटची पाहणी दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलविण्यापूर्वी करावी. बोनेट उघडून, चावी ‘ऑन’ करून, नाकाने.